किन्वाचं काम कोण करील?

शिजवलेला किन्वा, काळा राजमा, मक्याचे दाणे, लाल-पिवळी-हिरवी ढोबळी मिरची, टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, ॲव्होकाडोच्या फोडी आणि या सगळ्यावर लिंबू, तेल, जिरं, थोडं तिखट. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातलं, म्हणजे ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सास या पट्ट्यातलं म्हणून ओळखलं जाणारं हे सॅलड आता मराठी घरांतही केलं जातं. पोटभरीचं आहे, दिसायला देखणं आहे आणि गॅससमोर उभं राहण्याचं काम त्यात कमी आहे. नालासोपारा पूर्वेला तुळिंज रोडवर ही यादी घेऊन कुणी बाजाराला निघालं, तर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबं, मिरच्या आणि कणसं भाजीवाल्यांकडेच मिळतात. लाल राजमा आणि चवळी कुठल्याही किराणा दुकानात असते. गाडी अडते ती किन्वापाशी, आणि त्यानंतर काळ्या राजम्यापाशी व ॲव्होकाडोपाशी. मग एक तर वस्तू ऑनलाइन मागवायच्या, नाही तर बेत सोडून द्यायचा, किंवा त्यांच्या जागी दुसरं काही घालायचं. हा तिसरा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पण बहुतेक वेळा तो चुकीच्या पायावर निवडला जातो. ‘राजगिरा हा किन्वाचा नातेवाईक, म्हणून राजगिरा घाला’ हा एक चुकीचा पाया. ‘प्रथिनांचा आकडा जुळतो ते घाला’ हा दुसरा. बदली जिन्नस शोधताना मूळ जिन्नस त्या पदार्थात नेमकं काय काम करतो हे पाहायला हवं. ते पाहिलं की तुळिंजच्या बाजारातून उभं राहिलेलं सॅलड दुय्यम ठरत नाही, काही बाबतींत तर ते सरसच होतं.

‘किन्वाशिवाय हे सॅलड खरं कसं?’ ही शंका आधीच निकालात काढू. किन्वा नैर्ऋत्य अमेरिकेचा नाहीच. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरच्या टिटिकाका सरोवराच्या परिसरातला. ॲरिझोनापासून हजारो किलोमीटर दूर. अमेरिकेतल्या दुकानांत तो १९८०च्या दशकात दिसू लागला आणि संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे किन्वा वर्ष म्हणून साजरं केल्यावर जगभर पोचला. नैर्ऋत्य अमेरिकेच्या पट्ट्याची खरी जुनी ओळख आहे मका आणि शेंगा. दक्षिण मेक्सिकोत सुमारे ९,००० वर्षांपूर्वी टेओसिन्टे या रानगवतातून शेतकऱ्यांनी मका घडवला आणि सुमारे ४,००० वर्षांपूर्वी तो नैर्ऋत्य अमेरिकेत पोचला. तिथल्या मूळ रहिवाशांनी मका, घेवड्याच्या जातीच्या शेंगा आणि भोपळा एकाच शेतात घेतले. मक्याच्या ताटांवर वेल चढायचे, भोपळ्याच्या पानांनी जमीन झाकली जायची आणि शेंगवर्गीय मुळांमुळे जमिनीला नत्र मिळायचं. याउलट या सॅलडची चव ज्यांनी ओळखू येते ते जिरं, कोथिंबीर आणि लिंबू स्पॅनिश लोकांसोबत तिकडे गेले. ‘मेक्सिकन लाइम’ म्हणून जगभर विकलं जाणारं फळ म्हणजे आपलं कागदी लिंबूच. इकडे आपल्या रोजच्या स्वयंपाकातली मिरची, टोमॅटो, मका, शेंगदाणा आणि राजमा ही सगळी मुळात अमेरिकेची. वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती आणि मिरचीसारखी पिकं पश्चिम किनाऱ्यावर आली ती पोर्तुगीज व्यापारासोबतच. त्याच्याही दीडएक हजार वर्षं आधी सोपारा हे बंदर ग्रीक खलाशांच्या वर्णनांत ‘सुप्पारा’ म्हणून नोंदलं गेलेलं आहे. बाहेरचं धान्य आणि मसाले सामावून घेणं या भागाला नवं नाही. तेव्हा अस्सलपणाच्या नावाखाली किन्वाला चिकटून राहायचं काही कारण उरत नाही.

आता नात्याचा युक्तिवाद. तो खोटा नाही. ताकातल्या पातळ भाजीत आपण खातो तो चाकवत वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने किन्वाच्याच प्रजातीतला, म्हणजे चिनोपोडियम. हिमालयाच्या काही भागांत चाकवताचं बी धान्य म्हणूनही पिकवलं जातं. राजगिरा त्याच कुळातला, थोडा दूरचा. तोही मूळचा अमेरिकेचाच. मेक्सिकोतल्या ॲझ्टेक लोकांच्या शेतीत आणि पूजेत त्याला मोठा मान होता. किन्वा आणि राजगिरा दोन्ही गवतवर्गीय नाहीत, दोन्हींत ग्लुटेन नाही आणि प्रथिनांचं प्रमाण जवळजवळ सारखं. कागदावर जोडी झकास जमते. पातेल्यात मात्र जमत नाही. किन्वाचा दाणा दोनेक मिलिमीटरचा, चपटा आणि कडेने अंकुराची वळी घेतलेला असतो. शिजल्यावर ही वळी सुटून पांढऱ्या दोऱ्यासारखी बाहेर येते. दाण्याचा गाभा मऊ होतो, पण दोरा थोडा कडकच राहतो, त्यामुळे दाताखाली हलकासा ताण जाणवतो आणि दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. राजगिऱ्याचा दाणा जेमतेम मिलिमीटरभर. उकळत्या पाण्यात त्याचा स्टार्च लगेच बाहेर येतो, आणि त्या स्टार्चमध्ये चिकटपणा देणाऱ्या ॲमिलोपेक्टिनचंच प्रमाण फार मोठं असतं. पाणी दाट होतं, दाणे त्यात बुडून राहतात. खिरीसाठी हा गुण उत्तम, सॅलडसाठी घातक. वरीच्या तांदळाचंही थोड्याफार फरकाने हेच होतं. तो कोरडा भाजून, पाणी मोजून घातलं तर मोकळा होऊ शकतो, पण लिंबाचा रस आणि टोमॅटोचं पाणी लागलं की लवकर लगदा होतो. राजगिऱ्याला या सॅलडमध्ये जागा आहे, पण ती लाह्यांच्या रूपात: वाढताना वरून मूठभर पेरायला.

मग किन्वा या सॅलडमध्ये नेमकं काय करतो? तो मोकळा राहतो, चावायला लागतो, ओलावा लागला तरी मोडत नाही आणि स्वतःची चव फारशी पुढे न करता लिंबू-जिऱ्याची चव अंगावर घेतो. ही चारही कामं आपल्याकडची अख्खी ज्वारी करते. भाकरीच्या पिठामागे तिचा हा गुण झाकला गेला आहे, पण हुरडा खाणाऱ्याला किंवा कण्या शिजवणाऱ्याला तो ठाऊक असतो. ज्वारीच्या दाण्याचा बाहेरचा थर काचेसारखा कठीण असतो, आतला पिठूळ. पाण्यात फुगूनही कठीण थर आकार धरून ठेवतो. टपोऱ्या, पांढऱ्या मालदांडीचे दाणे यासाठी छान. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे, पण इथे कुठलीही चांगली, किडकी नसलेली शाळू चालते. ती आठ-दहा तास भिजवावी, तिप्पट पाणी आणि थोडं मीठ घालून कुकरमध्ये लावावी, पाच-सहा शिट्या झाल्यावर आच मंद करून आणखी दहा-पंधरा मिनिटं ठेवावी. झाली की नाही हे शिट्यांवरून ठरवू नये. एक दाणा नखाने दुभंगून पाहावा: मधोमध खडूसारखा पांढरा ठिपका दिसला तर ती कच्ची आहे. ठिपका जाऊन दाणा सगळीकडे सारखा, किंचित पारदर्शक दिसला पाहिजे. मग चाळणीत निथळून परातीत पसरावी. गार होताना दाण्यातल्या स्टार्चची पुन्हा घट्ट मांडणी होते आणि गरम असताना थोडे चिकट वाटणारे दाणे आपोआप सुटे होतात. गरम ज्वारीवर भाज्या घालण्याची घाई केली तर त्या कोमेजतात आणि ज्वारीही चिकटच राहते.

किन्वाचा एक मोठा गुण इथे मान्य करायला हवा: तो पंधरा मिनिटांत, साध्या पातेल्यात शिजतो. या गुणाची खरी किंमत त्याच्या मायदेशात कळते. टिटिकाका सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी ८७-८८ अंशांनाच उकळू लागतं. अशा ठिकाणी अख्खी कडधान्यं किंवा कठीण धान्यं उघड्या भांड्यात शिजवणं म्हणजे तासन्‌तास सरपण जाळणं. लहानसा, लवकर शिजणारा किन्वा त्या स्वयंपाकघराला देणगीच आहे. तुळिंज मात्र समुद्राच्या पातळीवर आहे आणि इथल्या जवळपास प्रत्येक घरात कुकर आहे. त्यात वाफ कोंडून पाणी १२० अंशांच्या आसपास जातं. म्हणजे ज्या अडचणीवर किन्वा हा उपाय आहे, ती अडचणच इथे नाही. ज्याला आयत्या वेळी अर्ध्या तासात जेवण उभं करायचं आहे त्याने जरूर किन्वा वापरावा. तो चोळून दोन-तीन पाण्यांनी धुवावा, कारण त्याच्या सालीवर सॅपोनिन हा कडू, फेसाळणारा पदार्थ असतो. मग दुपटीहून किंचित कमी पाण्यात शिजवून, झाकून दहा मिनिटं मुरू द्यावा. पण रोजच्या स्वयंपाकासाठी ज्वारीच्या कितीतरी पट भाव मोजायचा, तर फक्त वेळ वाचणं हे कारण मला अपुरं वाटतं. भिजण्याचे आठ तास माणसाच्या झोपेत जातात.

प्रथिनांचा आक्षेप जास्त गंभीर आहे, म्हणून त्याचा हिशेब मांडू. १०० ग्रॅम कोरड्या किन्वात सुमारे १४ ग्रॅम प्रथिनं असतात, ज्वारीत सुमारे १०. चार माणसांच्या सॅलडला दीडशे ग्रॅम धान्य धरलं तर किन्वातून २१ ग्रॅम आणि ज्वारीतून १५ ग्रॅम प्रथिनं येतात. फरक सहा ग्रॅमचा, म्हणजे माणशी दीड ग्रॅम. शेंगदाण्यात साधारण चौथा हिस्सा प्रथिनं असतात, तेव्हा प्रत्येकाच्या ताटलीत एक चमचाभर दाण्याचं कूट पडलं की हा फरक भरून निघतो. आक्षेप घेणारा इथे थांबणार नाही आणि त्याने थांबूही नये. तो म्हणेल, प्रश्न वजनाचा नाही, प्रतीचा आहे: किन्वात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल चांगल्या प्रमाणात आहे, ज्वारीत ते फार कमी. शिवाय ज्वारीतली काफिरिन ही प्रथिनं पाण्यात शिजवल्यावर एकमेकांना इतकी घट्ट धरतात की पाचक रसांना पुरती दाद देत नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून तर सॅलडमध्ये कडधान्य आहे. कडधान्यांत लायसिन भरपूर असतं आणि मेथिओनिन कमी, धान्यांत नेमकं उलट. आपला वरण-भात आणि मेक्सिकोतला मक्याची पोळी-घेवडा हा बेत याच जोडीवर उभे आहेत. ही जोडी एकाच घासात जमली पाहिजे असंही नाही. १९७१ साली फ्रान्सिस मूर लापे यांच्या पुस्तकाने तशी समजूत पसरवली होती, पण दहा वर्षांनी निघालेल्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच ती मागे घेतली. दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की शरीर जुळवून घेतं. ज्वारी वापरताना करायचा बदल एवढाच: किन्वाच्या कृतीत कडधान्य धान्यापेक्षा कमी असेल, तर ते धान्याच्या बरोबरीने घ्यावं. दीडशे ग्रॅम ज्वारीला दीडशे ग्रॅम चवळी किंवा राजमा. माणशी प्रथिनं अकरा-बारा ग्रॅमच्या आसपास जातात, मक्याची आणि दाण्याची वेगळी.

कडधान्य निवडतानाही तोच नियम: काम बघायचं. सॅलडमधल्या राजम्याने सालीसकट अख्खं राहायचं आणि आतून लोण्यासारखं मऊ व्हायचं. काळा राजमा मिळाला नाही तर लाल बारीक राजमा हे काम तितकंच नीट करतो; दोन्ही एकाच जातीच्या वनस्पतीचे वाण आहेत. पालघर-रायगडकडे भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल घेतात. त्या स्थानिक वालाचा मोह इथे होणं साहजिक आहे, पण वाल भिजवून, मोड आणून, सोलून डाळिंब्या करायच्या म्हणजे सालच काढून टाकायची. बिरड्यात त्या रसात मुरतात म्हणून गोड लागतात, सॅलडमध्ये कालवताना मोडतात. कडवे वाल असतील तर भिजवणीचं पाणी टाकून देणं आणि पुरतं शिजवणं टाळता येत नाही. माझं मत चवळीकडे झुकतं. तीन-चार तासांत भिजते, उघड्या पातेल्यात अर्ध्या-पाऊण तासात शिजते, डोळ्यासमोर असल्यामुळे नेमक्या क्षणी उतरवता येते, आणि तिचा काळा डोळा रंगांत उठून दिसतो. राजमा घेणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे लेक्टिन असतं. मूठभर अर्धकच्चे दाणेही काही तासांत उलट्या-जुलाब सुरू करू शकतात, आणि मंद आचेवर नुसताच कोमट राहिलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. खळखळून उकळणं किंवा कुकर हाच त्यावर उपाय, आणि भिजवलेलं पाणी फेकून देणं आलंच. सॅलडसाठी ‘थोडा कडक ठेवू’ हा विचार राजम्याच्या बाबतीत मुळीच करू नये.

नालासोपाऱ्यात राजमा शिजत नाही, टरफल चामड्यासारखं राहतं, अशी तक्रार असेल तर दोष नेहमी राजम्याचा नसतो. ज्या इमारतींत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं, तिथे ते बरेचदा जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्याच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला आणखी आवळतं, म्हणून दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. आम्लाचा परिणामही तसाच, म्हणून टोमॅटो, चिंच, लिंबू यांतलं काहीही राजमा शिजण्याआधी कुकरमध्ये जाता कामा नये. जड पाण्यावर सोपा उपाय म्हणजे कडधान्य पिण्याच्या, गाळणी-यंत्राच्या पाण्यात भिजवून शिजवणं. ते शक्य नसेल तर चिमटीभर खाण्याचा सोडा. त्याहून जास्त घातला तर साबणासारखी चव येते आणि बी जीवनसत्त्वांची हानी होते. मिठाबद्दल मात्र एक जुना समज सोडून द्यायला हवा. मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही असं अनेक घरांत मानतात. प्रत्यक्षात लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा मीठ घालून त्यात राजमा रात्रभर भिजवला, तर मिठातलं सोडियम सालीतल्या काही कॅल्शियमची जागा घेतं. साल सैल होते, शिजताना फुटत नाही आणि मीठ आतपर्यंत पोचतं. सॅलडला अख्खे दाणे हवे असतात, तेव्हा ही युक्ती इथे विशेष उपयोगी.

मक्याचं काम गोडव्याचं आणि धुराचं. त्या पट्ट्यातल्या स्वयंपाकात धुरावर वाळवलेल्या मिरचीचा, चिपोटलेचा, वास असतो, आणि ती मिरची इथे शोधत बसण्याची गरज नाही. कणीस सोलून थेट गॅसच्या ज्योतीवर, किंवा घरी शेगडी असेल तर निखाऱ्यावर, फिरवत भाजावं. काही दाणे काळे पडले पाहिजेत. मग कणीस उभं धरून सुरीने दाणे उतरवायचे. पावसाळ्यात मिळणारं देशी पांढरं कणीस स्वीट कॉर्नपेक्षा कमी गोड, पण दाताखाली जास्त भरीव, त्यामुळे मला तेच जास्त योग्य वाटतं. त्याच ज्योतीवर एक टोमॅटो आणि दोन हिरव्या मिरच्या भाजून, साल काढून, भाजलेल्या जिऱ्यासोबत ठेचल्या की धुराचा वास, तिखटपणा आणि थोडा दाटपणा एकदम मिळतो. ॲव्होकाडोचं काम स्निग्धतेचं. भाज्यांतली केरोटिनं आणि टोमॅटोतलं लायकोपिन तेलाच्या सोबतीशिवाय शरीरात नीट शोषली जात नाहीत, तेव्हा ‘आरोग्यासाठी’ म्हणून तेल पूर्ण गाळणं ही उलटी काटकसर आहे. तीन चमचे शेंगदाण्याचं तेल आणि भरड कूट पुरेसं होतं. ओलं खोबरंही चालेल, पण ते तासाभरातच संपवायच्या सॅलडमध्ये.

चिरणं आणि कालवणं यात क्रमाला महत्त्व आहे, आणि इथे कोशिंबिरीचा अनुभव थेट कामाला येतो. मीठ लागलं की काकडी-टोमॅटोला पाणी सुटतं. म्हणूनच खमंग काकडीसाठी आपण कोचवलेली काकडी आधी पिळून घेतो. सॅलडसाठी टोमॅटोच्या बिया आणि गर काढून तो वर सांगितलेल्या ठेच्यात घालावा आणि भिंतीच तेवढ्या चिराव्यात. कांदा मात्र सर्वांत आधी चिरून लिंबाच्या रसात टाकावा. दहा मिनिटांत त्याचा उग्रपणा उतरतो आणि फिकट जांभळ्या कडा झळझळीत गुलाबी होतात, कारण कांद्यातलं अँथोसायनिन आम्लात लालसर होतं. हिरव्या रंगाचं याच्या उलट: लिंबाच्या आम्लाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवी ढोबळी मिरची व कोथिंबीर तासाभरात मळकट दिसू लागतात. तेव्हा त्या शेवटी, वाढण्याच्या जरा आधी. ज्वारी आणि चवळी गार झाल्यावर आधी तेल चोळून घ्यावी, मग ठेचा आणि कांदा-लिंबू, मग मका आणि लाल-पिवळी ढोबळी मिरची, शेवटी मीठ, हिरवाई आणि कूट. लिंबू आणि ढोबळी मिरची दोन्ही क जीवनसत्त्वाने भरलेली आहेत, आणि धान्य-कडधान्यातलं लोह शरीराला मिळण्यासाठी त्यांचा थेट उपयोग होतो. म्हणून लिंबू सढळ हाताने पिळावं. चार माणसांना दोन-तीन लिंबं जास्त होत नाहीत.

वेळेचा आक्षेप तुळिंजमध्ये कुणी घेतला तर त्याला वजन आहे. इथून सकाळी लोकल पकडून अंधेरी, दादर किंवा चर्चगेट गाठणाऱ्याला पहाटे धान्य आणि कडधान्य वेगवेगळं शिजवायला फुरसत नसते. पण ज्वारी आणि राजमा यांना साधारण सारखाच वेळ लागतो. दोन्ही रात्री वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून एकाच कुकरमध्ये दोन डब्यांत लावता येतात. डब्यात पाणी बुडेपर्यंत घालून पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं दिली की दोन्ही होतात. सुटीच्या दिवशी जास्त ज्वारी शिजवून, निथळून, छोट्या पिशव्यांत फ्रीजरमध्ये ठेवली तर दोन-तीन आठवडे सहज टिकते, आणि गोठून सुटल्यावरही मऊ पडत नाही. 

डब्याच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवं. शिजवलेल्या धान्यात बॅसिलस सेरियस या जिवाणूची बीजं असू शकतात. ती उकळण्यानेही मरत नाहीत आणि कोमट, दमट हवेत धान्य तासन्‌तास पडून राहिलं की वाढतात. वसई-विरारचा उन्हाळा आणि पावसाळा त्यांना अगदी सोयीचा. लिंबाच्या आम्लाने त्यांना थोडा आळा बसतो, पण आम्ल हा थंडाव्याला पर्याय नाही. ज्वारी पसरून लवकर गार करावी, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावी, आणि सकाळी थंडच डब्यात भरावी. टोमॅटो आणि लिंबू वेगळ्या छोट्या डबीत नेलं तर ऑफिसात पोचेपर्यंत पाणीही सुटत नाही. पावसाळ्यात कच्च्या भाज्यांची भीती वाटत असेल तर ढोबळी मिरची आणि कांदा कणसासारखेच ज्योतीवर भाजून घ्यावेत. चव उलट वाढते आणि कच्चं पोटात जाण्याचा प्रश्नही बराच कमी होतो. रात्रीच्या जेवणाला केलेलं सॅलड उरलं आणि ते फ्रीजमध्येच ठेवलेलं असेल, तर दुसऱ्या दिवशी ते हाताने थोडं कुस्करून ज्वारीच्या पिठात आणि चमचाभर बेसनात मळावं आणि थालीपीठ लावावं. तळाशी सुटलेलं पाणी टाकू नये. पीठ भिजवायला तेच वापरावं, त्यात मीठ, लिंबू, जिरं आणि मिरची आधीच उतरलेली असते.